धौलाधारवरची मोजणी

मार्चमधल्या एका सकाळी मी धरमशालेच्या वर डोंगरधारेवर दुर्बीण आणि वही घेऊन बसलो होतो. ऊन तापलं, गरम हवा वर चढू लागली आणि तिच्या आधारानं स्टेपी गरुड घिरट्या घेत उंच गेले. घिरट्या घेताना मोजलं तर चूक होते. वर जाऊन ते एकामागोमाग सरळ निघाले, की एकेक रेघ ओढायची.

एक जरी निसटला तरी चुटपुट लागते. गिधाडांचा घास घेणारं डायक्लोफिनॅक हे गुरांचं औषध राजस्थानात मेलेल्या या गरुडांच्याही शरीरात सापडल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी त्यांची नोंद जगातल्या संकटग्रस्त पक्ष्यांत झाली. आपल्याकडे हिवाळा काढून किती जण मध्य आशियातल्या घरट्यांकडे सुखरूप निघाले? एका सकाळचा आकडा ते सांगत नाही. वर्षानुवर्षं ओढलेल्या रेघा सांगतात.