समुद्राचा खरीप, समुद्राचा रब्बी



पूर्वेला जा की पश्चिमेला, यवतमाळहून समुद्र पाचशे किलोमीटरहून दूर आहे. तरीही आज मी समुद्रातल्या एका पिकाबद्दल बोलणार आहे, कारण ते पीक आणि आपला कापूस एकाच वाऱ्याच्या भरवशावर असतात.

हे पीक म्हणजे वनस्पतिप्लवक, पाण्यात तरंगत उन्हावर अन्न तयार करणारी सूक्ष्म शैवालं. जगातल्या वनस्पतींच्या एकूण वजनात त्यांचा वाटा एक टक्काही नाही. पण पृथ्वीवरचं जवळपास निम्मं प्रकाशसंश्लेषण तीच करतात. उगवतात तशी काही दिवसांत खाल्ली जातात, म्हणून त्यांची रास कुठे साठत नाही.

समुद्राची अडचण शेतकऱ्याला लगेच कळेल. ऊन वर आणि खत खाली. वरच्या थरातलं नायट्रेट शैवालं संपवतात, मेलेलं सारं खाली जाऊन कुजतं आणि खत खोलवर अंधारात साचतं. ते वर आणायला नांगर लागतो. अरबी समुद्रात तो नांगर वारा धरतो. जून ते सप्टेंबर नैऋत्य वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगतचं पाणी दूर लोटतात आणि त्याच्या जागी खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं. केरळच्या किनाऱ्यालाही पावसाळ्यात असंच पाणी चढतं. हा समुद्राचा खरीप. मृग लागला की आपण ज्याची वाट पाहतो, तोच हा मोसमी वारा.

रब्बीची रीत वेगळी. हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडी, थंड हवा येते. गुजरातसमोरच्या समुद्राचं वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली जातं आणि खालचं त्यात मिसळतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एम. मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली ही रीत उलगडून दाखवली.

आता वाण पाहू. डायटम सिलिकाच्या, म्हणजे काचेसारख्या डबीत राहतात. खत मिळालं की भराभर वाढतात. हे बागायती पीक. प्रोक्लोरोकॉकस कोरडवाहू. 1988 साली सॅली चिशोल्म आणि सहकाऱ्यांनी तो जगापुढे आणला. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, आणि उष्ण समुद्रात एका थेंबात हजारोंनी सापडणारा. देह जितका लहान, तितकी त्याच्या मानाने अंगाची बाहेरची बाजू जास्त, त्यामुळे विरळ खतही त्याला टिपता येतं. ट्रायकोडेस्मियम तुरीच्या गुणाचा. तुरीच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू हवेतला नत्र बांधतात, हा ते काम स्वतःच करतो. उन्हाळ्यात समुद्र शांत झाला की पश्चिम किनाऱ्यालगत त्याचे भुशासारखे पट्टे तरंगतात. कुठे काय उगवेल हे असं खत आणि ऊन ठरवतं. आपल्याकडेही भारी आणि हलक्या जमिनीत पीक बदलतंच.

1999 साली सोडलेल्या ओशनसॅट-1 ने आणि त्यानंतरच्या आपल्या उपग्रहांनी समुद्राचा रंग मोजला. पाण्याचा हिरवेपणा आणि तापमान पाहून हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मासे कुठे मिळतील ते मच्छीमारांना कळवते, कारण तारली आणि बांगडा याच शिवारात चरतात.

याच शिवारात काळजीचं कारणही उगवलं आहे. अरबी समुद्राच्या उत्तरेला या शतकात हिवाळ्यातल्या डायटमची जागा बऱ्याचदा हिरवा नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्मजीव घेताना दिसला. तो माशांच्या फार कमी उपयोगाचा. असं का झालं यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पिकात तण माजलं की आपण डवरा धरतो. तिथे डवरा चालत नाही. तिथे लक्ष ठेवणं आणि समुद्र तापवणारा धूर कमी करणं, एवढंच आपल्या हाती आहे.

इथल्या विद्यार्थ्यांना एक विनंती. निळोण्याच्या धरणातलं थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरा. डायटम गोड्या पाण्यातही राहतात. ती काचेची डबी एकदा डोळ्यांनी पाहिलीत, की पुढच्या मृगात वारा सुटेल तेव्हा दूरच्या समुद्रात चाललेली नांगरणीही तुम्हाला दिसेल.