भय आणि प्रीती

श्रोतेहो, श्रद्धावंताला भय शिवत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. पंडिता रमाबाईंचे चरित्र मात्र काही निराळे सांगते.

१८७४ साली दुष्काळाने त्यांचे आईवडील हिरावून नेले. मागोमाग थोरली बहीणही गेली. कोवळ्या वयातील रमाबाई बंधू श्रीनिवास यांच्यासह उपाशीपोटी गावोगाव हिंडल्या. पुढे बंधू गेले, १८८२ साली पतीही गेले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

१८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. भूक म्हणजे काय, हे ज्यांच्या अंगावर कोरले गेले होते, त्यांनी त्या वाटेकडे पाठ फिरवली असती, तर कोणी दोष दिला असता? पण रमाबाई त्याच वाटेने निघाल्या आणि शेकडो निराधार मुली व विधवा यांना आपल्याबरोबर घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे 'मुक्ती' उभे राहिले.

श्रद्धेने त्यांचे दुःख पुसले नाही; त्या दुःखाला कामाला लावले. भयाचे खरे औषध प्रीती होय, अशी ख्रिस्ती शिकवण आहे. भय म्हणते, 'माझे काय होईल?' प्रीती विचारते, 'त्यांचे काय होईल?' हा दुसरा प्रश्न ज्याच्या मनात घर करतो, त्याच्या पहिल्या प्रश्नाची धार आपोआप बोथट होते.

आपल्यालाही ज्या दाराशी जाण्याचे भय वाटते, तेथे कदाचित कोणी आपली वाट पाहत असेल.