पारावरची साक्ष



या मालेत मोठमोठे विद्वान बोलून गेले. आमचे शिक्षण कारखान्याच्या दारातल्या सभांत आणि वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर झाले. विषय घेतला आहे तो कशेळ्याच्या बाजूच्या म्हाताऱ्यांच्या गप्पांचा. कोणी म्हणेल, कामगारांचा माणूस पगारवाढीवर बोलायचे सोडून पारावर काय जाऊन बसला! पण चार वयस्कर माणसे एकमेकांची टोपी उडवत बसतात, तेव्हा ती नकळत एक दफ्तर चाळत असतात. आणि ते दफ्तर कोणत्याही कचेरीत मिळत नाही. एवढेच आज सांगावयाचे आहे.

कशेळे हे कर्जत-मुरबाड रस्त्यावरचे गाव. इथून एक वाट खांडसकडे, भीमाशंकराच्या पायथ्याला जाते. दुसरी आंबिवलीकडे, कोथळीगडाखाली. त्यामुळे डोंगराकडचा आणि नदीकाठचा, दोघेही येथे भेटतात, आणि भेटले की जुंपलीच म्हणून समजा. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्यावर एक आजोबा म्हणत, "रात्री कुलाब्यात निजलो नि सकाळी रायगडात उठलो. खाट तीच, ढेकूणही तेच!"

खरी चकमक पाण्यावरून. सह्याद्रीच्या माथ्यावर आंध्रा नदीचे पाणी अडवून ते भिवपुरीच्या वीजघरात सोडतात. हे वीजघर १९२२ सालचे. वीज निघाल्यावर सुटलेले पाणी पेज नदीत येते, म्हणून पेज भर वैशाखातही वाहते आणि राजनाल्यावरची गावे दुबार भात काढतात. नाल्यावरचा म्हातारा उन्हाळ्यात जरा ताठ चालतो. मग डोंगराकडचा त्याला म्हणतो, "तुमचं पाणी मुंबईचं उष्टं! आधी तिकडं दिवे लावतं, मग तुमच्या शेतात येतं." नाल्यावरचा ऐकून घेतो थोडाच! "उष्टं असू दे, पण आमच्या सुनेच्या डोईवर हंडा नाही. तुमच्याकडं मुलगी द्यायची तर आधी विहीर दाखवा म्हणावं!"

मंडळी हसतात. आम्हीही हसलो. पण पाहा, या दोन वाक्यांत केवढा हिशेब आला. डोंगर आमचा, पाऊस आमचा; वीज मुंबईच्या गिरण्यांना आणि तारांखालची गावे कित्येक वर्षे रॉकेलच्या चिमणीवर. धोरणाच्या पुस्तकात हे पन्नास पानांत सांगतात. पारावर ते एका टोमण्यात सांगून होते.

याच तारांशी आपल्या भागाचा सर्वांत मोठा इतिहास जोडलेला आहे. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने १९४२ च्या लढ्यात विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी देह ठेवला. आज पारावर बसा. आमच्याच घरी भाईंनी भाकरी खाल्ली, असे सांगणारी घरे इतकी निघतात की एकाने ठेवून दिली, "भाईंनी एवढ्या भाकऱ्या खाल्ल्या असत्या, तर ते गड चढले कसे असते?" दुसऱ्याचे घर अंधारात होते तेव्हाची चेष्टा अशी : "तुझ्या आज्यानं मनोरा पाडला, म्हणून तुझ्याकडं बत्ती उशिरा आली!"

या चेष्टेचा एक उपयोग आहे. एकटा माणूस सांगू लागला की त्याचे घर मोठे होत जाते. समोर बरोबरीचा बसला असेल तर त्याला आवर बसतो. एकदा सावकारीची गोष्ट निघाली. पूर्वी पावसाळ्यात गरिबाच्या घरचे भात संपे, मग तो खावटी काढी आणि सुगीला सवाईने किंवा दिढीने फेडी. एक गृहस्थ म्हणाले, "आमचा आजा सवाईच्या वर कधी गेला नाही." लगेच शेजारच्यांनी हाणले, "सवाई खरी. पण तुझ्या आज्याची द्यायची पायली लहान नि घ्यायची पायली मोठी, त्याचं काय?" गृहस्थ मिशीत हसले आणि गप्प बसले. भाई कोतवालांनी शेतकऱ्यांसाठी धान्यपेढी का काढली, पुढे कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी पाड्यांसाठी धान्यकोठ्या का उभ्या केल्या, त्याचे उत्तर त्या दोन पायल्यांत आहे. ते कोणत्याही खतावणीत सापडणार नाही.

आमच्या धंद्यातही हीच साक्ष कामी आली. खोपोलीकडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगारांचा दावा होता. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले, हे दाखवावयाचे. आणि हजेरीची पुस्तके गहाळ! एकेकाला विचारले तर कोणालाच तारीख आठवेना. मग आम्ही सगळ्या जुन्या मंडळींना एकत्र चहाला बसवले. थट्टा सुरू झाली. "तू आलास तेव्हा चिमणी अर्धीच झाली होती." "आणि तू २६ जुलैच्या पुरात, २००५ साली, पाळी सोडून म्हैस शोधायला पळालास!" अशा खुणा जुळवत कोण कधीपासून कामावर होता त्याची यादी झाली. त्या यादीवरून घरोघरच्या पेट्यांतली जुनी पगारपत्रके शोधता आली, आणि बोलणी सुरू झाली.

पण मंडळी, पाराची एक उणीवही सांगितली पाहिजे. पारावर सगळे बसत नाहीत. बाया बसत नाहीत. त्यांची थट्टामस्करी आवणीच्या चिखलात चालते, पाठ वाकलेली असताना. कातकरी बसत नाहीत. दिवाळीनंतर त्यांची बिऱ्हाडे वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडी परततात. त्यांच्या म्हाताऱ्यांचे दफ्तर कोण चाळणार?

दफ्तर हरवले की काय होते, ते आपल्या डोळ्यांसमोर उभे आहे. बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येताच वारला आणि त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसने, ते काम पुरे करवून घेतले, हे पुस्तकात आहे. पण एका वेळी चाळीस हजारांवर मजूर त्या घाटात राबत होते, पटकीने माणसे मरत होती आणि १८५९ साली मजुरीच्या थकबाकीवरून तिथे दंगा झाला. त्या मजुरांपैकी किती जणांची नावे आपण सांगू शकतो? त्यांची थट्टा कोणी ऐकली नाही, म्हणून त्यांची तक्रारही राहिली नाही.

आज आपल्याकडे जमिनी विकल्या जात आहेत, बांधावर बंगले उठत आहेत. कोणता बांध कोणाचा, वाट कोठून होती, १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कोण कसत होता आणि सातबारावर नाव कोणाचे लागले, हे माहीत असलेली माणसे हाताच्या बोटांवर आली आहेत. ती गेली की उरेल तो फक्त कागद. आणि कागद कोणाच्या हातात असतो, हे कामगाराला सांगावे लागत नाही.

म्हणून या मालेच्या श्रोत्यांस आमची विनंती आहे. उन्हाळ्याच्या सुटीत मुले घरी आहेत. त्यांच्या हातात वही द्या, खिशात ते यंत्र असतेच, त्यात आवाज उतरवून घ्या. पण आजोबांना एकटे बसवू नका. त्यांचा जुना वैरी-मित्र, व्याही, मेहुणा समोर आणून बसवा. आजीला स्वयंपाकघरातून बाहेर बोलवा आणि चहा दुसऱ्याला करू द्या. पाऊस येण्याआधी, भट्टीवरून बिऱ्हाडे परत आली की वाडीवरही जा, आणि तिथे बोलणाऱ्याला घाई करू नका. दोघांत भांडण लागले तर सोडवू नका. दोन्ही बाजू लिहून घ्या. आणि एखादे आजोबा म्हणालेच की भाईंनी आमच्याकडे भाकरी खाल्ली, तर तेही लिहा. मात्र समोरचा काय म्हणाला, ते त्याच्याखालीच लिहा.