खुब्याचे दुखणे आणि त्यावरील उपाय

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, बँकेतला कारकून आहे. परंतु दुखण्यापायी सोने गहाण ठेवायला येणारी माणसे काउंटरवरून रोज दिसतात. त्यांतले बरेच पैसे चुकीच्या जागी जातात हे लक्षात आले, म्हणून मी हा विषय निवडला. वाचून आणि डॉक्टरांना विचारून जे समजले, ते मांडतो.

मांडीचे हाड कमरेच्या हाडाला जिथे जोडले जाते तो सांधा म्हणजे खुबा. वाटीत गोळा बसावा तशी त्याची रचना असते. दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. तो झिजला की हाड हाडावर घासू लागते. अडचण अशी की, हे दुखणे खुब्यावर हात ठेवून कोणी दाखवीत नाही. ते जांघेत असते, मांडीच्या पुढच्या बाजूस असते, कधी तर नुसते गुडघ्यात जाणवते. मग गुडघ्याचे एक्स-रे निघतात, गुडघ्याला तेल चोळले जाते आणि वर्ष-दोन वर्षे तशीच जातात. मांडी घालून बसता येईना, पायाची नखे काढता येईनात, चप्पल चढवताना जीव जातो, असे होऊ लागले की खुब्याचा एक्स-रे काढून घ्यावा.

आपल्या विदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. वयोमानाने होणारी झीज बहुधा उतारवयात त्रास देते. पण आपल्याकडे पंचविशीतली मुले लंगडताना दिसतात. त्यामागे पुष्कळदा गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मृत होणे हे कारण असते. दारू, स्टेरॉइडचे औषध आणि सिकलसेल ही त्याची प्रमुख कारणे. सिकलसेल आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत मोठ्या प्रमाणात आहे, हे लपवून उपयोग नाही. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि खुब्याच्या गोळ्याला रक्त पोहोचत नाही. सुरुवातीस एक्स-रे स्वच्छ दिसतो, एमआरआयमध्ये मात्र दोष कळतो. त्या अवस्थेत हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याची छोटी शस्त्रक्रिया करतात, आणि काही रुग्णांचा गोळा वाचतो. गोळा एकदा खचला की तो उपाय हातचा गेला. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. ज्या घरात सिकलसेल आहे तिथल्या मुलाने जांघ दुखते म्हटले, तर ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून देऊ नका.

स्टेरॉइडबद्दल स्पष्ट बोलतो. डॉक्टर दमा वा अन्य आजारात ते विचारपूर्वक देतात, तेव्हा ते जीव वाचवते. पण बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या, ज्यांनी ‘दोन दिवसांत माणूस धावू लागतो’, त्यांत पुष्कळदा हेच औषध मिसळलेले असते. दुखणे थांबते, चेहरा सुजतो, साखर वाढते, आणि ज्या सांध्यासाठी पुडी घेतली त्याच सांध्याचे हाड मरू शकते. पुडी देणाऱ्याला एवढेच विचारा की, यात काय आहे ते कागदावर लिहून देता काय?

आता उपायांकडे येऊ. सर्वांत स्वस्त उपाय काठी. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. बहुतेक लोक उलटे धरतात आणि काठीचा उपयोग नाही म्हणतात. एका पायावर भार येतो त्या क्षणी खुब्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट दाब पडतो. विरुद्ध हातातली काठी तो बराच कमी करते. वजन चार-पाच किलो उतरले तरी फरक का पडतो, तेही यावरून कळेल. काठीची लाज वाटते म्हणणाऱ्यांना सांगतो, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेब आले तेव्हा त्यांच्या हातात काठी होती आणि नानकचंद रत्तूंच्या खांद्याचा आधार होता.

दुसरा उपाय व्यायाम. दुखते म्हणून खाटेवर पडून राहिले की मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू सुकतात आणि सांधा अधिक उघडा पडतो. फिजिओथेरपिस्टकडून चार व्यायाम शिकून घ्यावेत. कुशीवर निजून वरचा पाय सरळ उचलणे हा त्यांतलाच एक. पहिले काही दिवस थोडे दुखेल. उकिडवे बसणे टाळावे, कमोडची खुर्ची आणावी, कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी. मलम गुडघ्याला लागू पडते, पण खुबा फार खोल असल्याने तिथे त्याचा भरवसा नाही.

गोळ्यांपैकी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन वगैरे दुखणे नक्की कमी करतात. परंतु रोज घेतल्यास जठरात व्रण, मूत्रपिंडाला इजा, रक्तदाब आणि हृदयविकार ही किंमत मोजावी लागते. हेच डायक्लोफेनॅक गुरांना दिले जाई. अशी मेलेली गुरे खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि आकाशातली गिधाडे दिसेनाशी झाली. म्हणून २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. सिकलसेलच्या रुग्णाने तर या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. सांध्यात स्टेरॉइडचे एखादे इंजेक्शन सोनोग्राफीखाली देतात. झिजेच्या दुखण्यात त्याने काही आठवडे, कधी काही महिने आराम पडतो. ग्लुकोसामाइनच्या महागड्या गोळ्यांवर मी तरी पैसे घालणार नाही.

एवढे करूनही रात्रीची झोप जात असेल, तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आहे. इंग्लंडमधील सर जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये धातूचा गोळा आणि पॉलिथिलिनची वाटी वापरून ती यशस्वी केली. २०१९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, १०० पैकी सुमारे ५८ कृत्रिम खुबे २५ वर्षे टिकतात. तरुणाला पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून डॉक्टर थांबायला सांगतात. पण ‘म्हातारपणी चिरफाड कशाला’ म्हणत सत्तरीच्या आईला वर्षानुवर्षे खाटेवर ठेवणे मला पटत नाही. बसवलेल्या सांध्याचे स्टिकर मात्र कागदपत्रांत जपून ठेवा. २०१० मध्ये एका कंपनीने धातूवर धातू घासणारे खुबे जगभरातून परत मागवले. अशा वेळी आपल्या अंगात कोणता सांधा बसवला आहे, हे त्या स्टिकरवरूनच कळते.

सोने गहाण ठेवण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. आपला आजार तिथे बसतो काय, हे त्याला रेशनकार्ड दाखवून विचारायचे. विचारायला पैसे लागत नाहीत.

शेवटी संस्थेला एक विनंती. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे वॉकर आणि कमोडची खुर्ची लागते, नंतर ती अडगळीत पडते. संस्थेने अशी दोन-दोन नगे घेऊन गरजूंना आळीपाळीने द्यावीत. आणि विहारात मागच्या बाजूस दहा खुर्च्या ठेवाव्यात. खाली बसता येत नाही म्हणून कित्येक उपासिका वंदनेला यायच्या बंद झाल्या आहेत. कपिलवस्तूला शाक्यांच्या नव्या सभागृहात पाठ दुखू लागली तेव्हा खुद्द तथागतांनी आनंदाला उपदेश करायला सांगितले आणि ते कुशीवर पहुडले. मग आपल्या आईने खुर्चीवर बसून त्रिशरण घेतले तर कोणाची हरकत असावी? खुर्च्यांची वर्गणी मी आजच चिटणीसांकडे देत आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.