‘स्ट्राइक’ : एका शब्दाचा प्रवास

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



इंग्रजीतील ‘स्ट्राइक’ हा शब्द चळवळीतील कार्यकर्त्याला एकाच अर्थाने ठाऊक असतो. इंग्रजाच्या तोंडी मात्र घड्याळाचे ठोके पडणे, आगकाडी पेटविणे, वीज कोसळणे, टांकसाळीत नाणे पाडणे, सौदा पटणे, खाणीत सोने लागणे, पटावरून नाव खोडणे, इतकेच नव्हे तर न्यायालयाने एखादा कायदा रद्दबातल ठरविणे, या सर्वांस हेच क्रियापद चालते. त्याचे जुने कर्मणि रूप ‘स्ट्रिकन’ आता थोड्याच ठिकाणी उरले आहे. दारिद्र्याने पिडलेल्यांचे वर्णन करताना ते हटकून येते. जणू दारिद्र्य वरून कोसळते, कोणी लादत नाही!

मुळात या धातूचा अर्थ प्रहार करणे असा नव्हताच. जुन्या इंग्रजीत तो हात फिरविणे, चोळणे, सपाट करणे, पुढे सरकणे अशा सौम्य अर्थांनी येई. जर्मन भाषेतील त्याचा भाऊबंद ‘श्ट्राइखेन’ आजही पावाला लोणी फासण्यासाठी वापरला जातो. ‘स्ट्रोक’ आणि ‘स्ट्रीक’ हे शब्दही याच कुळातले. इंग्लंडात धान्याचे माप भरले की वरची शीग लाकडी पट्टीने उतरवून माप सपाट करीत. ती क्रिया म्हणजे ‘स्ट्राइक’, आणि पुढे त्या मापालाही तेच नाव पडले. शीग उतरवायची की ठेवायची, हे माप कोणाच्या हाती आहे यावर ठरते, हे खंडाचे धान्य मोजून देणाऱ्या आपल्याकडील कुळांना वेगळे सांगावयास नको.

जहाजावर याच शब्दाचा अर्थ खाली उतरविणे असा झाला. निशाण ‘स्ट्राइक’ करणे म्हणजे शरणागती. परंतु 1768 साली लंडनच्या बंदरातील खलाशांनी मजुरीच्या तंट्यात व्यापारी जहाजांची शिडे उतरविली आणि जहाजे जागच्या जागी खिळवून टाकली. कामगारांच्या काम थांबविण्याला ‘स्ट्राइक’ म्हणण्याची वहिवाट तेथून पडली. शरण जाण्याच्या शब्दातून शरण न जाण्याचा शब्द निघाला, तो विद्वानांच्या नव्हे, खलाशांच्या हातून.

मराठीने ‘स्ट्राइक’चे भाषांतर केले नाही, हे बरेच झाले. ‘संप’ या शब्दाचा मूळ अर्थ एकजूट. गुजरातीत आजही संप म्हणजे एकोपा. इंग्रजी शब्द काय थांबले ते सांगतो, मराठी शब्द ते कशाच्या बळावर थांबले ते सांगतो. ब्रिटिश पार्लमेंटला नेमके हे बळच खुपले होते. 1799 व 1800 च्या कायद्यांनी मजुरांची जूट हाच गुन्हा ठरविला. ते कायदे 1824 साली रद्द झाले. आपल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातील व्याख्येतही केवळ काम थांबविणे पुरेसे नव्हते, ते संगनमताने थांबविलेले असावे लागे. म्हणजे कायद्याचा ‘स्ट्राइक’ही अखेरीस ‘संप’च.

शब्दांची ही चर्चा निव्वळ कोशकारांची नाही. 2020 साली संसदेने संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ही व्याख्या आणखी ताणली. एखाद्या दिवशी निम्म्या किंवा अधिक कामगारांनी मिळून किरकोळ रजा घेतली, तर तोही संपच. पूर्वी सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांपुरते असलेले पूर्वसूचनेचे बंधन तिने सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू केले. शब्दाचा अर्थ रुंदावला आणि हक्काची वाट अरुंद झाली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने आणखी एका शब्दप्रयोगाकडे संशयाने पाहावे : ‘वाया गेलेले मनुष्यदिवस’. मालकाने टाळे ठोकले तरी दिवस ‘वाया’ जातात आणि संपाच्या दिवसांबरोबर एकाच बेरजेत पडतात; वाचणाऱ्याच्या मनात मात्र सारा दोष संपकऱ्यांच्या माथी जातो. मे 1974 मधील रेल्वे संप सुमारे तीन आठवडे चालला. त्यात तुरुंगात गेलेल्यांचे आणि नोकरीतून काढलेल्यांचे दिवस या बेरजेत कोठे शोधावेत? मुंबईतील गिरणी कामगारांचा संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही.