गांजा आणि कोवळे मन
(शेलार येथे विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



‘गांजा म्हणजे झाडपालाच, त्याने काय होते?’ असे मुले आम्हाला विचारतात. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीस आलेल्या सुमारे ४५ हजार तरुणांची पाहणी झाली. पन्नासहून अधिक वेळा गांजा-चरस घेतलेल्यांत, न घेणाऱ्यांच्या तुलनेत, पुढील पंधरा वर्षांत स्किझोफ्रेनिया सहापट आढळला. प्रत्येकालाच हा आजार होतो असे नाही. परंतु कोवळ्या वयात मेंदू घडत असतो, म्हणून धोका अधिक.

पाचवे शील आपण वंदनेत म्हणतो. ते नाक्यावर आणि यंत्रमागाच्या पाळीतही पाळू या. मुलगा ‘कानात आवाज येतात’ म्हणू लागला, तर त्याला मारू नका, भगताकडे नेऊ नका. ठाण्याचे मनोरुग्णालय जवळच आहे. १४४१६ वर मोफत सल्लाही मिळतो. वेळीच नेलेला मुलगा सावरू शकतो.

जयभीम!