बाहेरचा पैसा, घरचा आमदार



2022च्या विधानसभा निवडणुकीआधी रस्तोरस्ती लागलेले तृणमूल काँग्रेसचे फलक आठवतात? ‘गोंयची नवी सकाळ’! निवडणूक आयोगाला दिलेल्या हिशेबात या पक्षाने गोव्यातला खर्च दाखवला 47 कोटी 54 लाख. भाजपचा 17 कोटी 75 लाख. उमेदवाराला मर्यादा 28 लाखांची. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला मर्यादाच नाही. उमेदवाराच्या चहा-भज्यांचा हिशेब होतो आणि पक्षाचं विमान वरून निघून जातं.

एवढं करून तृणमूलला जागा शून्य. त्यांच्याशी युती केलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला (मगो) दोन, त्यातली एक आपल्या पेडणे तालुक्यातली मांद्रे. निकाल लागताच मगोने पाठिंबा दिला तो भाजपला!

बाहेरच्या पैशाचा हा प्रश्न अमेरिकेतही आहे. तिथे 2010च्या न्यायालयीन निकालाने बाहेरच्या गटांना प्रचारात हवा तेवढा पैसा ओतायची मुभा मिळाली. त्यामुळे लोकप्रतिनिधी आपल्या पक्षाला जास्तच कट्टरपणे चिकटतात का, यावर तिथे वाद चालतो. आपल्याकडे सभागृहातलं मत पक्षाच्या आदेशाने, व्हिपने, बांधलेलं. सुटतो तो पक्षच. दोन तृतीयांश आमदार एकत्र गेले की पक्षांतरबंदी कायदा त्याला विलीनीकरण म्हणतो.

मांद्रेत 2017 साली काँग्रेसच्या दयानंद सोपटेंनी तेव्हाचे मुख्यमंत्री पार्सेकर यांना पाडलं. पुढच्याच वर्षी सोपटे भाजपात. मात्र राजीनामा देऊन ते पुन्हा लोकांसमोर गेले आणि पोटनिवडणूक जिंकले, हे सांगायलाच हवं. शेजारच्या पेडण्यात तेवढंही झालं नाही. मार्च 2019मध्ये मगोच्या तिघांपैकी दोघे मध्यरात्री भाजपात विलीन झाले. त्यात पेडण्याचे बाबू आजगावकर होते. डिचोलीकरांनी 2022 साली अपक्ष निवडला, डॉ. चंद्रकांत शेट्ये. त्यांचाही पाठिंबा सरकारलाच.

यात कुणी पैसे घेतले, असं मी म्हणत नाही. पण प्रचाराचा खर्च कोलकात्याचा असो की दिल्लीचा, आमदार शेवटी पर्वरीत सत्तेच्या बाकावर जाऊन बसतो, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे.

पुढच्या खेपेला उमेदवार वाड्यावर आला, की दोनच गोष्टी विचारा: तुमचा पक्ष इथे किती खर्च करणार, आणि निकालानंतर तुम्ही कुठे बसणार? उत्तर चारचौघांत घ्या, जमलं तर लेखी. पक्ष न सोडण्याची शपथ मात्र घालू नका. काँग्रेसच्या उमेदवारांनी ती 2022 साली देऊळ, क्रॉस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी घेतली होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांच्या 11 आमदारांतले 8 भाजपात गेले.